रिपोर्ट केलं तरी पोस्ट का राहते?

प्राची: पूर्वी द्वेषाच्या पोस्ट रिपोर्ट न करताही उडायच्या. आता रिपोर्ट करूनही तिथेच. नियम सैल झालेत का?

देशमुख काका: नियम सैल झालेच, पण पाळत त्याहून जास्त सैल झाली. 7 जानेवारी 2025 ला फेसबुक-इन्स्टाग्रामवाल्या मेटाने जाहीर केलं की यंत्रणा आपणहून फक्त दहशतवाद, बालकांचं लैंगिक शोषण, अमली पदार्थ, फसवणूक असलंच शोधणार. बाकीचं कोणी रिपोर्ट केलं तर बघणार.

ओंकार: बरंच झालं. निषेध करायला शिवी उद्धृत केली तरी पोस्ट जायची.

मेधाताई: खरंय, मशीनला शब्द कळतो, रोख कळत नाही. पण रोमन लिपीतलं मराठी, अक्षरांमध्ये घातलेली टिंबं हे त्याच्या हातून सुटतं. म्यानमारमध्ये तर वेगळ्याच फाँटच्या गोंधळात बर्मी मजकूर नीट ओळखूच येत नव्हता. तिथे द्वेष आणि हिंसा भडकवणं रोखायला आपण पुरेसं केलं नाही, हे फेसबुकने 2018 मध्ये मान्य केलं.

प्राची: मग सगळे मिळून रिपोर्ट मारू!

देशमुख काका: संख्येने निकाल बदलत नाही गं. अख्खं प्रोफाइल नको, नेमकी ती कॉमेंट रिपोर्ट कर. रिपोर्टचं कारण म्हणून 'स्पॅम' निवडलंस तर तपासणारा स्पॅमच शोधणार. आधी लिंक आणि तारखेसह स्क्रीनशॉट ठेव, पोस्ट उडाली की पुरावाही जातो. नाकारलं तर फेरतपासणी माग.

ओंकार: एक्ससारखी (पूर्वीचं ट्विटर) कम्युनिटी नोट, म्हणजे वापरकर्त्यांनीच पोस्टखाली जोडलेली टीप, पुरेशी नाही का?

मेधाताई: एरवी ज्यांचं पटत नाही अशा लोकांनी 'उपयुक्त' म्हटलं तरच ती दिसते. खोट्या आकड्यावर छान उपाय. पण 'अमुक लोक किडे आहेत' यात तपासणार काय?

देशमुख काका: युरोप मात्र उलट चाललाय. तिथला डिजिटल सर्व्हिसेस ॲक्ट 17 फेब्रुवारी 2024 पासून पूर्ण लागू आहे. पोस्ट काढली तर कारण द्यावं लागतं, निर्णयावर सहा महिने तक्रार करता येते, दंड जागतिक उलाढालीच्या 6 टक्क्यांपर्यंत. जर्मनीच्या 2017 च्या कायद्यात उघड बेकायदा मजकूर 24 तासांत काढायचा होता. दंडाच्या धाकाने वैध पोस्टही उडतील, ही टीका तेव्हाच झाली. मला ती पटते.

अनिल (ॲडमिन): आणि इथे व्हॉट्सॲपवर असं काही आलं तर?

मेधाताई: आधी रिपोर्ट, मग 'सर्वांसाठी डिलीट'. उलट केलंत तर रिपोर्ट करायला मेसेजच उरत नाही. ग्रुप रिपोर्ट केला तर शेवटचे पाच मेसेज कंपनीकडे जातात, सदस्यांना कळत नाही.

अनिल (ॲडमिन): म्हणजे पार्किंगचं भांडणही जाणार?

मेधाताई: त्या पाचांत असेल तर, हो 😄