मोठ्या माणसांच्या वाढदिवसाचे स्टुडिओ फोटो: कल्पना आणि सल्ला हवा आहे

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. कराडला माझा छोटा स्टुडिओ आहे, १२ बाय १६ फुटांचा. लग्नं, साखरपुडे, पासपोर्ट फोटो, लहान मुलांचे पहिले वाढदिवस, बोरन्हाण अशी कामं वर्षभर चालू असतात.

आईला साठ पूर्ण होणार म्हणून परवा जुने अल्बम काढले. तिचे एकटीचे फोटो सापडले दोन. एक लग्नाआधी दाखवायला काढलेला, दुसरा ओळखपत्राचा. बाकी सगळीकडे तिच्या हातात ताट आहे, ती कुणाला तरी ओवाळतेय आणि अर्धा चेहरा निरांजनाच्या उजेडात उडून गेलाय. दुसऱ्यांचे वाढदिवस तिने साठ वर्षं केले, तिच्या वाढदिवसाचा एक फोटो नाही.

आता ठरवलंय. पैसे न घेता, केवळ हौसेनं, तीस ते नव्वद वयाच्या माणसांचे त्यांच्या वाढदिवसाच्या आठवड्यात स्टुडिओत फोटो काढायचे. प्रत्येकाचा एकच फोटो निवडायचा. फुगे, टोप्या, भडक रंग, सगळी धमाल हवी. पण मजा त्यांना यायला हवी, बघणाऱ्याला त्यांची गंमत वाटावी असं नको. चातुर्मासात मुहूर्त नसतात, तेव्हा स्टुडिओ रिकामाच असतो.

अडचण अशी की कॅमेरा समोर आला की आमच्याकडची मोठी माणसं पासपोर्ट फोटोसारखी ताठ बसतात. त्यांना मोकळं कसं करायचं? आणि केकवरच्या मेणबत्त्यांचा उजेड फ्लॅशमध्ये मरतो, त्याला काय करता? दोन स्टुडिओ फ्लॅश, एक स्पीडलाइट (कॅमेऱ्यावर बसणारा छोटा फ्लॅश) आणि नऊ फुटी पेपर रोल एवढं सामान आहे.

जुना_रोलवाला
फार चांगलं काम हाती घेताय. ताठ बसण्यावर माझा सल्ला एकच: माणसाला करायला काहीतरी द्या. "हसा" म्हणालात की संपलं.

अर्व्हिंग पेन या अमेरिकन फोटोग्राफरनी १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टुडिओत दोन फळ्या जोडून एक चिंचोळा कोपरा केला आणि मोठमोठ्या लोकांना त्यात उभं केलं. कुणी रेलला, कुणी दोन्ही भिंतींना हात लावून उभा राहिला, कुणी अंग चोरलं. जागा अडचणीची असली की माणूस आपलं शरीर विसरत नाही, ते वापरायला लागतो. तुमच्याकडे हे सहज जमेल. आठ बाय चारच्या दोन प्लायवुड बिजागरीनं जोडा, एक रंग मारा. फुगे त्या कोपऱ्यात कोंबा आणि माणसाला मधून वाट काढायला सांगा.

दुसरे नामवंत फोटोग्राफर फिलिप हाल्समन तर लोकांना उडी मारायला लावायचे. उडी मारताना लक्ष उडीवर जातं आणि चेहऱ्यावरचा मुखवटा गळतो, असं त्यांचं म्हणणं होतं. अगदी ड्यूक आणि डचेस ऑफ विंडसर, म्हणजे इंग्लंडचे माजी राजे आणि त्यांच्या पत्नी, यांनीही त्यांच्यासमोर उड्या मारल्या. पण गुडघ्यांचा विचार करा, साठीच्या पुढे हा आग्रह नको.

तुमच्या खोलीत उभ्या माणसाचा पूर्ण फोटो फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ५० एमएम लेन्सनं साधारण दहा फुटांत बसेल. ८५ एमएम कमरेपर्यंतच्या फोटोंना ठेवा.

मेणबत्तीचं सांगतो. तिचा उजेड पिवळसर, फ्लॅशचा पांढरा, म्हणून दोन्ही भांडतात. फ्लॅशवर पूर्ण सीटीओ जेल (उजेड पिवळसर करणारा नारिंगी कागद) लावा, कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ३२०० केल्विनच्या आसपास ठेवा. खोलीतले दिवे बंद करून आयएसओ ८००, एफ/४, शटर १/१५ पासून सुरुवात करा. फ्लॅश अगदी कमी पॉवरवर, फक्त चेहऱ्याची सावली भरण्यापुरता. पंखा बंद करायला विसरू नका, ज्योत हलते. फुंकल्यानंतरचा धूर हवा असेल तर मागचा पडदा काळा हवा आणि दुसरा फ्लॅश मागून, तिरका. समोरच्या उजेडात धूर दिसत नाही.

पणती
दादा, आधी सुरक्षेचं बोलते, कारण हे मी डोळ्यांनी बघितलंय. भाच्याच्या वाढदिवसाला मेणबत्ती पेटलेली असताना कुणीतरी स्नो स्प्रे मारला आणि त्याच्या बाहीनं भपकन पेट घेतला. त्या डब्यात जळणारा वायू असतो. स्टुडिओत तो आणूच नका. जत्रेतले गॅसचे फुगेही बऱ्याचदा हायड्रोजनचे असतात, ते ज्योतीजवळ नकोत. तोंडानं फुगवलेले फुगे दोऱ्यानं वरून टांगा, फोटोत तरंगल्यासारखेच दिसतात.

दुसरं म्हणजे, आमच्या आजीला वाढदिवसाला दिवा फुंकून विझवणं कधीच पटलं नाही. ज्यांना फुंकायचंय त्यांना केक द्या, बाकीच्यांना ताटात कणकेचे दिवे. एकसष्टीला ६१ दिव्यांनी ओवाळतातच. तेवढे दिवे एका ताटात पेटले की चेहऱ्यावर जो उजेड येतो तो कुठल्याही सॉफ्टबॉक्सनं येणार नाही. आणि या वेळी ताट आईच्या हातात देऊ नका, तिला पाटावर बसवा.

ऐंशीच्या पुढचे कुणी आले तर सहस्रचंद्रदर्शन आठवा. पौर्णिमा ते पौर्णिमा साधारण २९.५३ दिवस धरले तर हजार पौर्णिमांना ८० वर्षं नि १० महिने लागतात. पांढऱ्या कापडाचा मोठा गोल करून मागून उजेड सोडा आणि त्यांना त्या चंद्रासमोर बसवा.

पाटणचे_मास्तर
कल्पना मनापासून आवडली, पण "वाढदिवसाच्या आठवड्यात" ही अट घातलीत तर कितीतरी माणसं बाहेर राहतील. त्यांना आपला वाढदिवसच माहीत नाही.

मी ३२ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत होतो. जुनी जनरल रजिस्टरं उघडलीत तर पानंच्या पानं १ जून. पोराला शाळेत आणलं की तारीख कुणाला ठाऊक नसायची. हेडमास्तर सांगायचे, उजवा हात डोक्यावरून ने आणि डावा कान पकड. कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं, जन्मतारीख १ जून. मीही त्यातलाच. महिन्याच्या एक तारखेचा जन्म असला की सरकारी माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून आमच्याकडे ३१ मेला निरोप समारंभांची रांग लागते. माझी आई सांगायची, कोयनेच्या भूकंपानंतर लोक बाहेर मांडवात झोपत होते, तेव्हा तू झालास. भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, म्हणजे मी हिवाळ्यातला. दाखल्यावर मात्र जून.

या १ जूनवाल्यांना बोलवा. आणि रोलवाले म्हणतात तसं करायला काहीतरी द्यायचं असेल, तर सगळ्यांना तोच कान पकडायला सांगा.

कृष्णाकाठ
मास्तर, तुमचा प्रतिसाद वाचून रात्री बाबांचा शाळा सोडल्याचा दाखला शोधला. १ जून. काकांचा काढला, तोही १ जून, दोन वर्षांनी पुढचा. आत्याचाही तोच.

काल बाबा आणि काका दोघांना स्टुडिओत आणलं. प्लायवुडचा कोपरा केला, पिवळा रंग मारला. बाबांनी हात डोक्यावरून नेला आणि कान धरला, एकदम सहा वर्षांचे दिसले. काकांचा उजवा खांदा आखडलाय, हात वर जाईना. ते "राहू दे रे" म्हणत होते. बाबा मागून आले, स्वतःचा हात काकांच्या डोक्यावरून नेला आणि त्यांचा कान पकडला. काका मान मागे टाकून हसले, पुढचे तीन दात नाहीत ते सगळे दिसताहेत. निवडायचा फोटो तोच.

१ जूनची लग्नाची ऑर्डर मित्राकडे दिली. सकाळी नऊपासून स्टुडिओ उघडा आहे, मास्तर तुम्ही याच. फोटो बाहेर लावण्याआधी प्रत्येकाची लेखी परवानगी घेणार आहे.

पणतीताई, आईसाठी ६१ दिवे करायचेत. कणीक किती लागेल?

पणती
किलोभर पीठ घ्या, घट्ट मळा. आदल्या दिवशी करून ठेवू नका, तडकतात. वाती मात्र रात्रीच तुपात भिजवून ठेवा. ताट जर्मनचं नको, तापतं. पितळी परात घ्या आणि खाली ओला पंचा.