ब्लू स्प्रूस खालून वाळत चाललेत, मदत हवी आहे (मिशिगन)

डेट्रॉइटच्या उपनगरात राहतो. कुंपणालगत तीन ब्लू स्प्रूस (सुईसारख्या पानांची निळसर झाडं) आहेत, आधीच्या मालकाने लावलेले, आता दुमजली घराच्या वर गेलेत. इतके जवळ लावलेत की फांद्या एकमेकींत अडकल्या आहेत. गेल्या दोन उन्हाळ्यांत खालून उघडे पडायला लागलेत.

टोकाची यंदाची पालवी हिरवीगार आहे. तिच्या मागच्या, गेल्या वर्षीच्या सुया मात्र जांभळट-तपकिरी होऊन गळतात. भिंगातून पाहिलं तर सुईवर काळे ठिपके, अगदी ओळीने. वाचून वाचून रायझोस्फेरा बुरशीपर्यंत पोचलो. पण मधल्या झाडाची एक फांदी टोकापर्यंत अख्खी वाळलीय आणि बुडाशी पांढरट डिंक ओघळलाय. हे त्यात कसं बसवायचं? शेंडे तिन्हींचे ठणठणीत. पांढऱ्या कागदावर फांदी झटकली, लाल कोळी (रस शोषणारी बारीक कीड) दिसला नाही.

लॉनवाला म्हणतो खत घाला. झाडं तोडणारा म्हणतो तिन्ही काढा, त्याचं पोट त्यावरच आहे म्हणा. मी मूळचा निफाडचा, द्राक्षाला बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) मारताना बघतच वाढलो, त्यामुळे फवारणीला ना नाही. पण एवढ्या उंच झाडांना ती करावी का, आणि कधी? आई निंबोळी तेल मारून बघ म्हणतेय.

रानवाटा: तुमचं निदान बरोबर वाटतंय, फक्त रोग दोन आहेत. ठिपके रायझोस्फेराचे. डिंकवाली फांदी सायटोस्पोरा या दुसऱ्या बुरशीची, त्याला औषध नाही. कोरड्या हवेत फांदी बुडापासून कापा आणि कात्री स्पिरिटने पुसा. थकलेल्या ब्लू स्प्रूसवर दोन्ही एकत्र सर्रास दिसतात. हे झाड रॉकी पर्वताच्या कोरड्या हवेतलं, आपल्या मिशिगनचा दमटपणा त्याला सोसत नाही. स्प्रिंकलरचं पाणी फांद्यांवर उडत असेल तर आधी ते वळवा.

फवारणी वसंतात, नवी पालवी अर्धी वाढली की, आणि परत तीन-चार आठवड्यांनी. क्लोरोथॅलोनिल हे बुरशीनाशक किंवा तांब्याचं औषध, किमान दोन वर्षं. उघड्या पडलेल्या फांद्यांना मात्र पुन्हा सुया येत नाहीत, आहे तेवढंच वाचेल. निंबोळी तेल नको, तेलाने निळी झाक धुऊन जाते. कोळी थंडाव्यात वाढतो, तेव्हा कागदाची परीक्षा मे महिन्यात पुन्हा करा. आणि पैसे घालण्याआधी मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या रोगनिदान प्रयोगशाळेत फांदी पाठवा. स्टिग्मिना नावाची बुरशीही अशीच दिसते.

धागाकर्ता: आभार! स्प्रिंकलर रोज पहाटे नेमका खालच्या फांद्यांवरच उडतो, आजच वळवतो. मधलं झाड काढून दोन्हीकडे वारा खेळू दिला तर फवारणीचा खर्च टळेल का?

रानवाटा: टळणार नाही, पण फायदा नक्की होईल. मधलं तसंही सर्वांत आजारी आहे. त्या जागी परत ब्लू स्प्रूस मात्र लावू नका. स्प्रूसच हवा असेल तर नॉर्वे, त्याला हा रोग कमी धरतो.