ऑपेरा हाऊसमध्ये कोण कोण जायचं? लिहा ना

फणसवाडीची_लेक

परवा आईला घेऊन मुंबईत गिरगावच्या ऑपेरा हाऊसला गाण्याच्या कार्यक्रमाला गेले होते. आई ७८ वर्षांची, गुडघे दुखतात, म्हणून अर्धा तास आधीच पोचलो. सगळे दिवे लागलेले, माणसं अजून यायची होती. ती खुर्चीत टेकली आणि मान वर करून किती तरी वेळ छताकडे बघत बसली. ती सोनेरी नक्षी, तो घुमट. मग माझ्याकडे वाकून हळूच म्हणाली, "हे वरचं तेव्हाही होतं का गं?"

मला एकदम भरून आलं. १९७० साली लग्न होऊन ती गिरगावात आली. तिथून पुढची वीसेक वर्षं तिने आणि माझ्या आत्याने याच थेटरात कितीतरी सिनेमे पाहिले. पण कसे? पोळ्या करून, पाणी भरून, आम्हाला शेजारच्या काकूंकडे सोडून दोघी धावत निघायच्या. पोचेपर्यंत आत अंधार, पडद्यावर न्यूजरील सुरू. डोअरकीपर बॅटरी मारायचा, त्या उजेडाच्या ठिपक्यामागून आपली खुर्ची शोधायची. शेवटची पाटी दिसायच्या आत उठून पळायचं, कारण घरी पोरं उपाशी. इंटर्व्हलला दिवे लागायचे, तर ती दहा मिनिटं बाथरूमच्या रांगेत. वीस वर्षांत तिने पडदा पाहिला, थेटर पाहिलंच नव्हतं.

आमच्यातल्या बऱ्याच जणांचं असंच झालं असणार. १९११ साली बादशहा पंचम जॉर्जच्या हस्ते ऑपेरा हाऊसचं उद्घाटन झालं तेव्हा इमारत पुरी झालीही नव्हती. आधी नाटकं आणि गाणी, मग तिसाच्या दशकात ती मुख्यतः सिनेमाची झाली. १९५२ मध्ये गोंडलच्या महाराजांनी विकत घेतली. १९९३ ला बंद पडली आणि तेवीस वर्षं दार उघडलं नाही. त्या काळात जन्मलेल्या मुलांसाठी ऑपेरा हाऊस म्हणजे बसचा स्टॉप आणि हिऱ्यांचा बाजार, बस. जुन्या वास्तू जतन करणाऱ्या वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली दुरुस्ती झाली आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये दिवे पुन्हा लागले.

तुमच्या आठवणी लिहा. आईला वाचून दाखवणार आहे, तिला मोबाईलवरचं बारीक दिसत नाही.

पिटातला_प्रेक्षक

पहिली रांग. मान दुखायची. हिरॉईनचं नाक केवढं मोठं दिसायचं! खुर्चीत ढेकूण असायचे, शर्ट झटकूनच घरात यायचं असा आमच्या आईचा नियम. काकूंना नमस्कार सांगा.

ताईबाई

बाथरूमची रांग!!! अगदी अगदी. बायकांचं सगळं इंटर्व्हल तिथेच जायचं. आणि बाहेर येऊन बघावं तर वडे संपलेले.

दक्षिण_मुंबईकर

माझे आजोबा पृथ्वीराज कपूर यांची नाटकं बघायला तिथे जायचे. पृथ्वी थिएटर्स १९४४ ते १९६० चालली आणि ऑपेरा हाऊस त्यांचं मुंबईतलं नेहमीचं ठिकाण. आजोबा एकच गोष्ट दर वेळी सांगायचे. नाटक संपलं की पृथ्वीराज स्वतः दारात झोळी पसरून उभे राहायचे, मदतनिधीसाठी. मान खाली. कोण टाकतंय, किती टाकतंय, बघायचे नाहीत. आजोबा तेव्हा गिरणीत कारकून होते, त्यांनी चार आणे टाकले. "राजाच्या भूमिकेत बघितलेला माणूस माझ्यापुढे वाकलेला होता," असं म्हणायचे आणि मग गप्प व्हायचे.

सुरतेचा_गिरगावकर

वडील हिरे बाजारात दलाल, मी पण तिथेच. रस्त्यात उभं राहून पुडीतले हिरे दाखवायचे, बघणाऱ्याने डोळ्याला भिंग लावायचं, सगळा व्यवहार शब्दावर. १३ जुलै २०११ ला संध्याकाळी सातच्या सुमारास बॉम्ब फुटला तेव्हा मी दोन गल्ल्या सोडून होतो. पाऊस होता. त्या दिवशी तीन ठिकाणी स्फोट झाले, झवेरी बाजार, दादर आणि आमच्याकडे. ओळखीतला एक मुलगा गेला. त्याचं नाव लिहीत नाही.

थेटराबद्दल विचारलंत, पण मला त्या नावाबरोबर आधी तोच दिवस आठवतो. बरेच व्यापारी नंतर बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात) गेले. २०१७ ला पहिल्यांदा आत गेलो, बाहेर आयुष्य काढलं होतं पण आत कधी नाही. वडिलांना घेऊन जायचं राहिलं.

फणसवाडीची_लेक

@सुरतेचा_गिरगावकर दादा, वाचून गलबललं. तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. त्याच्याबद्दल कधी लिहावंसं वाटलं तर लिहा.

ताईबाई

🙏

चुन्याची_घाणी

मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत काम करते. ऑपेरा हाऊसवर नव्हते, पण अशा दुरुस्तीत काय असतं ते सांगते, कारण लोकांना वाटतं रंग मारला आणि झालं.

सगळ्यात आधी भिंतीवर एक छोटा चौकोन घेऊन सर्जिकल ब्लेडने रंग खरवडायचा. एकेक थर. वर डिस्टेंपर, खाली ऑइलपेंट, त्याखाली पुन्हा वेगळा रंग, शेवटी चुन्याचा पहिला हात. कांद्याच्या पाकळ्या सोलल्यासारखं. मूळ रंग कोणता ते तिथे सापडतं आणि ज्या दिवशी सापडतं त्या दिवशी मी जेवायचं विसरते.

दुसरं म्हणजे चुना. जुन्या भिंती चुन्यात बांधलेल्या, श्वास घेणाऱ्या. मधल्या काळात कुणीतरी सिमेंटचा गिलावा चढवतो, ओल आत अडकते, क्षार बाहेर फुलतात, पोपडे पडतात. मग आधी सिमेंट काढा, भिंत वाळू द्या, महिनोन्महिने. घाई केली की पुढच्या पावसाळ्यात सगळं परत. नक्षी तुटलेली असेल तर जो तुकडा धड आहे त्याचा साचा काढून तसाच दुसरा ओतायचा. एखाद्या पानाची कड कुठे संपते हे बोटाने चाचपून ठरवते मी, डोळ्याने नाही.

ऑपेरा हाऊसच्या बाजूच्या बॉक्स, म्हणजे वेगळ्या बसायच्या खोल्या, सिनेमाच्या काळात काढून टाकल्या होत्या. त्या जुन्या फोटोंवरून परत उभ्या केल्या. आमच्या क्षेत्रातल्या माणसाला त्याचं मोल कळतं. २०१७ ला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला तेव्हा आमच्या ऑफिसात पेढे वाटले, आमचा काही संबंध नसताना.

दक्षिण_मुंबईकर

@चुन्याची_घाणी हे कुठेतरी सविस्तर लिहा हो. आमच्या चाळीच्या जिन्याला नेमकं हेच झालंय. सिमेंट लावलं, आता दर वर्षी फुगतं. कुणाला विचारायचं कळत नाही.

चुन्याची_घाणी

फोटो पाठवा, बघते. आधी गच्चीची गळती थांबवा, बाकी सगळं नंतर.

खोताची_वाडी

गिरगावातल्या थेटरांचा विषय निघाला म्हणून. ३ मे १९१३ ला दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांना पहिल्यांदा दाखवला तो कॉरोनेशनमध्ये, तेही गिरगावातच. १४ मार्च १९३१ ला 'आलम आरा' मॅजेस्टिकमध्ये. मुका सिनेमा आमच्याकडे आला आणि बोलायलाही आमच्याकडेच लागला! दोन्ही थेटरं गेली. मॅजेस्टिकचं नाव पुस्तकांच्या दुकानात उरलंय. तीनातलं एक जरी वाचलं तरी मला पुष्कळ वाटतं.

आणि कार्यक्रमाआधी अनंताश्रमात जेवणारे कुणी आहेत का? सुरमईचं कालवण, सोलकढी. तेही बंद झालं.

पिटातला_प्रेक्षक

अनंताश्रम 😭 जेवताना गप्पा मारलेल्या मालकांना खपायच्या नाहीत. जेवा आणि उठा.

ताईबाई

आणि फोनवर बोलाल तर बघा! पण माशाची तशी चव परत नाही मिळाली कुठे. आमच्या ह्यांनी मला पहिल्यांदा बाहेर जेवायला नेलं ते तिथेच, बोलायचं होतं ते सगळं बाहेर पडल्यावर बोललो.

पेठेतला_मी

पुण्यातून. आमचं प्रभात थेटर. १९३४ सालचं. डिसेंबर २०१४ मध्ये भाडेकरार संपला, शेवटच्या दिवसांत मी मुद्दाम रजा काढून गेलो. बाहेर पडताना मागे वळून बघितलं तर अनेक जण माझ्यासारखेच दारात रेंगाळत होते, कुणाचाच पाय निघत नव्हता. नंतर मूळ मालक किबे घराण्याने ते पुन्हा सुरू केलं, नाव किबे लक्ष्मी. आम्ही अजून प्रभातच म्हणतो.

जर्नल_स्क्वेअर

अमेरिकेत जर्सी सिटीत राहते. आमच्या इंडिया स्क्वेअर या भारतीय वस्तीपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर लोज जर्सी नावाचं जुनं थेटर आहे, १९२९ चं. इथे अशा थेटरांना राजवाडेच म्हणायचे. दर्शनी भिंतीवर घड्याळ, त्यावर घोड्यावर बसलेला योद्धा आणि ड्रॅगन. १९८६ ला बंद पडलं, पाडायचं घाटत होतं. गावातल्या लोकांनी विरोध केला, मग शहराने विकत घेतलं आणि स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं सुटीच्या दिवशी येऊन साफसफाई केली, खुर्च्या दुरुस्त केल्या, वायरिंग केलं.

मी इथे नवीन आले तेव्हा मुलगी दीड वर्षाची, नवरा दिवसभर ऑफिसात, कुणाशी बोलायला नाही. भाजी आणायला निघायचे आणि त्या घड्याळाखाली बाबागाडी उभी करून पाच मिनिटं थांबायचे. का ते तेव्हा कळलं नाही. आमचं माहेर ठाकूरद्वारला, शाळेत जाताना रोज ऑपेरा हाऊसच्या बंद दारावरून जायचे मी. आज हा धागा वाचताना लक्षात आलं.

फणसवाडीची_लेक

@जर्नल_स्क्वेअर तुझं लिहिलेलं आईला दोनदा वाचून दाखवलं. "त्या पोरीला म्हणावं माहेरी आलीस की आमच्याकडे ये," म्हणाली.

नाक्यावरचा

सगळं छान आहे पण एक मनापासून बोलू? ५७५ खुर्च्या, तिकीट महाग. पिटात, म्हणजे पडद्यापुढच्या स्वस्त जागेत बसणारा आमच्यासारखा माणूस आता तिथे जाऊ शकतो का? माझे वडील हमाली करायचे आणि महिन्यातून एकदा तिथे सिनेमा बघायचे. आता दरवाजावरूनच परत फिरावं लागेल. सुंदर झालंय हे मान्य, पण ते आमचंही होतं.

चुन्याची_घाणी

@नाक्यावरचा खरंय तुमचं. अशा इमारतीची निगा प्रचंड खर्चाची असते, एकेका खिडकीच्या काचेला कारागीर शोधावा लागतो. पण म्हणून तुमचा प्रश्न खोटा ठरत नाही. महिन्यातून एक तरी खेळ स्वस्त तिकिटात असायला हवा, असं मलाही वाटतं.

नाक्यावरचा

तेवढं झालं तरी मी मुलांना घेऊन पहिल्या रांगेत बसेन.

पिटातला_प्रेक्षक

मी पण येतो. मान दुखली तरी चालेल.

फणसवाडीची_लेक

सगळ्यांचं वाचून झालं. आई शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "वन्संना फोन लाव." आत्या ८१ वर्षांची, डोंबिवलीला असते. आईने तिला फोनवर काय सांगितलं माहितेय? "अहो वन्सं, आपल्या डोक्यावर एवढं सगळं होतं आणि आपण खाली चपला शोधत होतो." दोघी हसल्या, मग दोघी रडल्या. आता आत्याला घेऊन जायचं ठरलंय, पुढच्या रविवारी दुपारचा कार्यक्रम आहे. तिला डोंबिवलीहून आणायची सोपी वाट कोणती? टॅक्सीत तिला मळमळतं.

दक्षिण_मुंबईकर

लोकलने दादर, तिथून वेस्टर्नची स्लो, चर्नी रोडला उतरून पूर्वेला. दादरचा पूल मात्र चढावा लागेल, वेळ ठेवा. रविवारी मेगाब्लॉक आहे का ते आधी बघा.

ताईबाई

त्यापेक्षा शनिवारीच आणून ठेव आत्याला. दोघींना रात्रभर गप्पा मारू देत.