माईनक्राफ्ट: काळ्यावर पांढरे ठिपके असलेलं शिंगरू हवंय, सल्ला द्या

अंजिरी
लेक (वय 10) आणि मी दोन महिने झाले माईनक्राफ्ट खेळतोय. जावा आवृत्ती, सर्व्हायव्हल (सगळं सामान स्वतः गोळा करायचं, असा प्रकार). तिला काळाभोर घोडा हवाय, अंगभर पांढरे ठिपके असलेला. आमच्याकडे एक काळा आहे, त्याच्यावर काहीच खूण नाही. दुसरा मलईच्या रंगाचा, त्याच्यावर ठिपके आहेत. या जोडीला चार शिंगरं झाली: दोन मलई, एक साधं काळं आणि चौथं चक्क करडं! करडा रंग आला कुठून? जोडी लावताना दर वेळी दोघांना गोल्डन ॲपल (सोन्याचं सफरचंद) घालतो, सोनं संपत आलंय. शाळेतून आली की दप्तरही न काढता ती आधी पागेत डोकावते, म्हणून मनापासून विचारतेय.

गोदाकाठ
ताई, ॲपल आधी बंद करा. एका ॲपलला सोन्याच्या 8 विटा (इनगॉट) लागतात, गोल्डन कॅरटला, म्हणजे सोन्याच्या गाजराला, फक्त 8 कण (नगेट). 9 नगेटचा एक इनगॉट होतो, म्हणजे जोडीला दोन गाजरं घातली तरी दोन इनगॉटच्या आतच काम होतं. गाजरानेही तेच शिंगरू मिळतं.

रंगारी
करड्याचं कोडं सोपं आहे. अंगाचा रंग आणि अंगावरची खूण यांच्या सोडती वेगवेगळ्या निघतात. रंगासाठी 9 पैकी 4 वाटे एका पालकाचे, 4 दुसऱ्याचे, उरलेला एक वाटा सातही रंगांतून कोणताही. तुमचं करडं त्या एका वाट्यातून आलं. खुणेसाठी 5 पैकी 2 वाटे एकाचे, 2 दुसऱ्याचे, एक वाटा पाचांपैकी कोणत्याही खुणेचा. बिनखुणेचं अंग हीसुद्धा त्या पाचांतलीच एक.
तुमच्या जोडीचा हिशोब मांडला तर काळं येण्याची शक्यता सुमारे 46 टक्के, ठिपके येण्याची 44. दोन्ही एकत्र जेमतेम 20 टक्के. चार शिंगरांत नाही मिळालं यात तुमचं काहीच चुकलं नाही.
दोन्ही पालक काळे आणि त्यातला एक ठिपक्यांचा असेल तर तोच आकडा 40 वर जातो. दोघेही काळे आणि ठिपकेवाले असतील तर 76. म्हणून आधी रंग पक्का करा, मग खुणेमागे लागा. आणि जोडी लावण्याआधी रानात फिरून या. प्लेन्समध्ये (सपाट माळरानात) किंवा सव्हानात (विरळ झाडांच्या गवताळ रानात) भेटणारा कळप एकाच रंगाचा असतो, खुणा मात्र प्रत्येकाच्या निराळ्या. काळा कळप सापडला तर ठिपकेवाला आयताही मिळेल.

वीणा_जीव
मी जीवशास्त्र शिकवते, म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगते. खऱ्या घोड्यांचे नियम इथे लावू नका. खऱ्या घोड्यांत तांबूस नर आणि तांबूस मादी यांचं शिंगरू तांबूसच होतं, कारण तो रंग अप्रकट जनुकाचा. क्रीम जनुकाची एक प्रत तांबूस घोड्याला सोनेरी करते, दोन प्रती आल्या की तो जवळजवळ पांढरा, निळ्या डोळ्यांचा होतो. त्यामुळे दोन सोनेरींपासून सोनेरी मिळण्याची शक्यता निम्मीच, पण तांबूस आणि दोन प्रतींचा फिकट अशी जोडी लावली तर प्रत्येक शिंगरू सोनेरी. जे खेळ जनुकांवर बेतलेले आहेत त्यांत ही जोडी सोन्यासारखी. माईनक्राफ्टमध्ये मात्र आजी-आजोबांचं काहीच उतरत नाही, पालकांच्या अंगावर आत्ता जे आहे तेवढंच मोजलं जातं. नर-मादी हा भेदही नाही, कोणतेही दोन घोडे चालतात.

टापा
रंगाचा वेगाशी संबंध नाही, एवढं लक्षात ठेवा. वेग सेकंदाला साधारण 4.7 ते 14.2 ब्लॉक (खेळातले ठोकळे) इतका कमी-जास्त असतो. मी तरी आधी पळवून बघतो.

अंजिरी
सगळ्यांचे खूप आभार! शनिवारी सव्हानात पाच काळ्यांचा कळप सापडला. पांढरे ठिपके एकावरही नव्हते. एकावर काळे ठिपके निघाले, ते काळ्या अंगावर अगदी जवळ गेल्याशिवाय दिसतच नाहीत. आणि एकाचे चारही पाय पांढरे, कपाळावर पांढरा पट्टा. मागून माझे सासरे म्हणाले, "अगं, हा तर पंचकल्याणी!" ते शहाद्याचे, सारंगखेड्याच्या घोडेबाजारात लहानपणापासून जाणारे. मग नातीला शेजारी बसवून अबलख, कुमैत, नुकरा सगळे रंग सांगत बसले. तिने ते वहीत उतरवून घेतलेत.
पंचकल्याणीची आणि मलईवाल्याची जोडी लावली. तिसरं शिंगरू काळं, अंगभर पांढरे ठिपके! आता ते लवकर मोठं कसं करायचं?

गोदाकाठ
अभिनंदन! एरवी 20 मिनिटं लागतात, पण वाळल्या गवताची गासडी (hay bale) खाऊ घातली की दर खेपेला 3 मिनिटं कमी होतात. एका गासडीला 9 गहू. मुलीला शेत लावायला सांगा.

रंगारी
मोठं झालं की त्याची जोडी कळपातल्या काळ्याशीच लावा, मलईशी नको. आणि तो काळ्या ठिपक्यांचा घोडा वेगळ्या कुंपणात ठेवा. साधा काळा समजून त्यालाच जोडीला लावाल.