डेकचं दार बदलायचंय: सरकतं की फ्रेंच?

केतकी (नेपरव्हिल, शिकागोजवळ):
मंडळी, नमस्कार. स्वयंपाकघरातून डेकवर (घराबाहेरच्या लाकडी ओट्यावर) जाणारं सहा फुटी सरकतं काचेचं दार बदलायचंय. रोलर गेलेत, दोन काचांच्या मधे धुकं धरलंय. नवरा फ्रेंच दारावर, म्हणजे बिजागरीच्या दोन काचेच्या पल्ल्यांच्या दारावर, अडून बसलाय. सेल्समन घडीच्या दाराचं सांगत होता, पण किंमत ऐकून तो विषय तिथेच संपला. थंडीच्या आत काम उरकायचंय. कोणाचा काय अनुभव?

श्रीकांत:
केतकी, आधी टेप घे आणि आतली जागा मोज. आत उघडणारं फ्रेंच दार घेतलंस तर पल्ला जवळपास तीन फूट आत येणार. बाहेर उघडणारं घेतलंस तर जागा वाचते आणि वारा पल्ल्याला चौकटीवरच दाबतो. पण आपल्याकडे डेकवर फूटभर बर्फ साचला की ते ढकलायचं कोणी? शिवाय जाळी आतून लावावी लागते.
तरी नवऱ्याच्या बाजूने एक सांगतो. बिजागरीचा पल्ला रबरावर दाबून बसतो, म्हणून गार वारा कमी शिरतो. सरकत्या दाराची ब्रशसारखी पट्टी घासून झिजते.
– काका

वैशाली:
काकांचं वाऱ्याबद्दलचं पटतं, तरी मी सरकतंच घेईन. जानेवारीत फोडणीचा धूर झाला, स्मोक अलार्म कोकलायला लागला, की दार चार बोटं सरकवून ठेवता येतं. फ्रेंच दार तेवढंच उघडं ठेवून दाखवा!
केतकी, काचेवरचं एनएफआरसीचं (दारं-खिडक्यांना रेटिंग देणारी अमेरिकन संस्था) लेबल वाच. यू-फॅक्टर, म्हणजे दारातून उष्णता किती निसटते तो आकडा, जितका कमी तितकं बरं, ०.३० च्या वर जाऊच नकोस. लो-ई कोटिंग (उष्णता परतवणारा पातळ थर) आणि आर्गॉन वायू भरलेली दुहेरी काच पुरते. तिहेरी काचेने पल्ला जड होतो, आणि तुझे आधीच रोलर गेलेत. खालच्या चौकटीत पाणी जायला बारीक भोकं असतात. सिलिकॉन मारणारा माणूस ती बुजवत नाही ना, हे उभं राहून बघ. ती बुजली की आडव्या पावसाचं पाणी थेट तुझ्या लाकडी फ्लोअरवर. आई-बाबा येऊन राहणार असतील तर उंबरा किती उंच येतो तेही विचार.
आणि हो, ऊर्जा वाचवणाऱ्या दारांवर मिळणारं फेडरल टॅक्स क्रेडिट (केंद्र सरकारची करसवलत) ३१ डिसेंबर २०२५ ला संपलं. सेल्समन अजून ते धरून हिशोब सांगत असेल तर कोटेशन परत माग.

केतकी:
काका, वैशालीताई, आभार. मोजलं. टेबल आणि दाराच्या मधे चार फूट, खुर्ची मागे ओढली की जेमतेम दोन. नवऱ्याने स्वतः टेप धरली होती, त्यामुळे वाद मिटला. आता त्याने रुंद चौकटीचं, फ्रेंच दारासारखं दिसणारं सरकतं दार शोधलंय. त्यात काच कमी येते, म्हणजे उजेडही कमी. कोणाकडे बसवलेलं असेल तर शनिवारी येऊन बघू का? चहा आमच्याकडून.