छंद म्हणून बांधलेल्या आर्केड कॅबिनेटवरची चित्रे आणि आतल्या खेळांच्या प्रती: मर्यादा कोठे आखावी?

फळीकाम (प्रश्न)

नमस्कार. घरी स्वतःपुरते एक उभे आर्केड कॅबिनेट (नाणे टाकून खेळायच्या जुन्या व्हिडिओ गेम यंत्रासारखी पेटी) बांधत आहे. सांगाडा, रंगकाम आणि कंट्रोल पॅनलची जोडणी पूर्ण झाली असून आता जे उरले आहे ते दुसऱ्यांच्या कामावर अवलंबून आहे: बाजूच्या फळ्यांवरची चित्रे, वरची उजळणारी नावाची पाटी म्हणजे मार्की आणि आतले खेळ.

बाजूच्या फळ्यांसाठी जे चित्र मनात भरले आहे ते एका जुन्या खेळावर आधारित असले, तरी मूळ कंपनीचे नाही; आजच्या एका चित्रकाराने ते काढून स्वतःच्या पानावर ठेवलेले आहे. मार्कीची फाइल एका छंदिष्टाने मूळ पाटी स्कॅन करून, तिची रेषा न् रेषा व्हेक्टरमध्ये (कितीही मोठे केले तरी न फाटणाऱ्या रेषांत) पुन्हा काढून तयार केली आहे. खेळांपैकी एकाचा मूळ सर्किट बोर्ड माझ्याकडे आहे, बाकीच्यांचे रॉम, म्हणजे खेळाच्या चिपमधल्या मजकुराच्या फाइली, उतरवून घ्यावे लागतील. या विषयावर जे काही वाचले त्यात बहुतेकांचे म्हणणे असे, की विक्री करत नसाल तर काळजीचे कारण नाही. हे उत्तर मला पुरत नाही. पैसे घेतले नाहीत, एवढ्याने दुसऱ्याचे काम न विचारता वापरणे योग्य ठरते का? आणि एका परिचिताने केवळ साहित्याचा खर्च देऊन अशाच दुसऱ्या कॅबिनेटची मागणी केली आहे. त्याने उत्तर बदलते का?

उभीपेटी

इम्युलेटर (जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम) आणि रॉम या दोन गोष्टी आधी वेगळ्या कराव्या लागतील. निकोला साल्मोरिया यांनी १९९७ मध्ये सुरू केलेला मेम हा इम्युलेटर २०१६ पासून मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहे, आणि त्यात खेळ नसतात. इम्युलेटर लिहिण्यासाठी मूळ यंत्रातल्या प्रोग्रॅमचा उलगडा करताना ज्या प्रती कराव्या लागतात त्या न्याय्य वापरात (परवानगी नसतानाही कायद्याला चालणाऱ्या वापरात) मोडतात, असा निकाल अमेरिकेच्या अपील न्यायालयाने २००० साली सोनी विरुद्ध कनेक्टिक्स या खटल्यात दिला. त्यामुळे इम्युलेटर वापरण्याबद्दल अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही.

रॉमची गोष्ट निराळी आहे. खेळाचा प्रोग्रॅम तर संरक्षित असतोच, शिवाय पडद्यावर दिसणारे दृश्य आणि ऐकू येणारा आवाजही स्वतंत्रपणे संरक्षित असतो. १९८२ मध्ये ‘स्क्रॅम्बल’ या खेळाच्या नकलेवरून झालेल्या खटल्यात हे स्पष्ट झाले. कंपनीच्या नावे प्रसिद्ध झालेल्या कृतीला अमेरिकेत ९५ वर्षांचे संरक्षण आहे, म्हणजे १९८० चा ‘पॅक-मॅन’ २०७५ च्या अखेरपर्यंत कोणाच्या तरी मालकीचा राहणार. चोवीस तासांत फाइल पुसून टाकली तर ती वैध ठरते, ही समजूत वर्षानुवर्षे फिरत आहे; तिला कोणत्याही कायद्याचा आधार नाही. ‘अबँडनवेअर’ (मालकाने वाऱ्यावर सोडलेले सॉफ्टवेअर) नावाचा वर्गही कायद्यात नाही, कारण कंपनी बंद पडली तरी तिचे हक्क विकले जातात आणि दुसऱ्या कोणाकडे तरी जातात.

एवढे सांगूनही मी सगळ्या रॉमना एकाच मापाने मोजत नाही. जो खेळ आज अधिकृत संग्रहात विकत मिळतो तो फुकट उतरवणे म्हणजे मागितलेली किंमत नाकारणे होय, आणि त्याचे समर्थन मला करता येत नाही. जो खेळ कोणत्याही स्वरूपात विकतच मिळत नाही, त्याच्या बाबतीत कायदा तोच असला तरी कोणाचे काय बुडाले हे दाखवणे कठीण जाते. म्हणून आपल्या यादीतला एकेक खेळ घेऊन तो आज कोठे विकत मिळतो का, हे आधी पाहावे.

रेषाकार

मी व्यवसायाने चित्रकार आहे, म्हणून बाजूच्या फळीबद्दलच लिहितो. रॉमबद्दल इतकी चर्चा होते की चित्र मागे पडते. वास्तविक आपल्या प्रश्नात सर्वांत सोपे आणि सर्वांत आवश्यक काम तेच आहे, कारण ज्याला विचारायचे तो माणूस हयात आहे, त्याचा पत्ता त्याच्या पानावरच आहे, आणि एका पत्राने प्रश्न सुटू शकतो.

माणसापेक्षा उंच फळीवर चित्र बसवताना काय होते ते पाहा. आयताकृती चित्र कॅबिनेटच्या वळणदार बाह्याकृतीत कापले जाते, आणि बहुतेक चित्रकार सही खालच्या कोपऱ्यात करत असल्यामुळे तीच नेमकी टी-मोल्डिंगच्या (फळीच्या कडेवर बसवलेल्या पट्टीच्या) बाहेर जाते. त्यानंतर त्या कॅबिनेटचे जे छायाचित्र पसरते त्यात चित्र असते, चित्रकार नसतो, आणि पुढचा माणूस ते छायाचित्र पाहून हे कोणी काढले असे विचारतही नाही. पैसे न मिळाल्यापेक्षा हे अधिक लागते. तेव्हा पत्र लिहाल तेव्हा कॅबिनेट एकच आहे, घरातले आहे, चित्र किती मोठे छापणार आणि कोठे कापणार, हे सरळ लिहा, सही कोठे हलवावी हेही विचारा, आणि मोबदला किती हा प्रश्न स्वतःहून मांडा. पुष्कळ चित्रकार अशा पत्राला आनंदाने होकार देतात आणि मोठ्या आकाराची मूळ फाइलही पाठवतात; पानावरची लहान प्रत ताणून छापली तर रेषा फाटलेल्या दिसतात, तेव्हा त्या फाइलची गरज आपल्यालाच आहे. नकार आला, तर तो नकार मानावा. उत्तरच आले नाही, तर त्याला होकार समजू नये.

मात्र एक गुंता राहतो. चित्रातले पात्र कंपनीचे असल्यामुळे चित्रकाराच्या परवानगीने कंपनीचा हक्क संपत नाही. तो पेच त्या चित्रकाराच्या बाजूनेही तितकाच आहे. पण त्याचे स्वतःचे पात्र नव्हते म्हणून त्याची मेहनत कोणीही उचलावी, असा त्याचा अर्थ होत नाही. मार्की पुन्हा काढणाऱ्या छंदिष्टालाही हेच लागू. मूळ रचना त्याची नाही, तरी त्याने खर्च केलेल्या वेळेचा मान राखावा, आणि फाइलसोबत त्याने अटी लिहिल्या असतील तर त्या पाळाव्यात.

जुनी_चिप

उभीपेटी यांच्या मताशी मी बराचसा सहमत आहे, पण मूळ बोर्ड दुरुस्त करणारा या नात्याने एक बाजू मांडणे मला भाग आहे. प्रश्नकर्त्याकडे ज्या खेळाचा बोर्ड आहे त्याच्या चिप रीडरवर वाचून प्रत करून ठेवणे, हे माझ्या मते केवळ क्षम्य नसून कर्तव्य आहे. १९८३ मध्ये अटारी विरुद्ध जेएस अँड ए या खटल्यात न्यायालयाने म्हटले, की रॉम चिपमधला मजकूर सहजासहजी बिघडत नाही, म्हणून कार्ट्रिजची राखीव प्रत करण्याचे कारण उरत नाही. प्रत्यक्षात अनेक आर्केड बोर्डांवर इपीरॉम (अतिनील किरणांनी पुसता येणाऱ्या चिप) असतात. त्यांच्यातला विद्युत्भार दशकानुदशके हळूहळू झिरपतो, आणि काचेच्या खिडकीवरचे लेबल निघाले की अतिनील किरणांचा धोका वेगळाच. कॅपकॉमच्या १९९३ पासूनच्या सीपीएस-२ बोर्डांवर तर सांकेतिक रूपातला प्रोग्रॅम उलगडणाऱ्या किल्ल्या बॅटरीच्या आधारावर टिकतात. बॅटरी संपली की किल्ल्या पुसल्या जातात आणि पैसे मोजून घेतलेला, भौतिकदृष्ट्या धडधाकट बोर्ड काहीच दाखवत नाही. न विचारता प्रती करून ठेवणाऱ्यांनी त्या किल्ल्यांचा उलगडा केला नसता, तर असे कितीतरी बोर्ड आज भंगारात गेले असते.

म्हणून ‘प्रत म्हणजे चोरी’ हे सरसकट विधान मला मान्य नाही. त्याच वेळी, एका बोर्डाच्या मालकीच्या आडून हजार खेळांनी भरलेले मेमरी कार्ड जतनाच्या नावाखाली खपवणेही मान्य नाही, कारण ज्याने त्यातले दहा खेळही कधी उघडले नाहीत तो काहीच जतन करत नसतो.

फळीकाम

आपण सर्वांनी इतक्या मनापासून लिहिले याबद्दल आभारी आहे. चित्रकाराला आजच पत्र लिहितो, आणि फळीवर सहीसाठी जागा सोडून मांडणी नव्याने करतो. परिचिताच्या कॅबिनेटचा मुद्दा तेवढा राहिला. मी नफा घेणार नाही, पण वस्तू माझ्या हातून दुसऱ्याकडे जाईल.

उभीपेटी

तेथे माझे मत अधिक कडक आहे. नफा नसला तरी प्रत वाटली जाते, आणि हक्क असतो तो प्रत करण्यावर व वाटण्यावर, नफ्यावर नव्हे. छंदिष्ट मंडळी स्वतःच्या कामाबद्दल हेच म्हणतात, हेही लक्षात घ्यावे. २०१९ मध्ये ‘कॅपकॉम होम आर्केड’ या यंत्रासाठी एफबी अल्फा हा इम्युलेटर वापरला गेला, तेव्हा त्याच्या परवान्यात व्यावसायिक वापराला मनाई असताना आपल्याला न विचारता हे झाले, म्हणून त्यावर काम करणारे अनेक जण दुखावले, आणि वेगळे होऊन त्यांनी फायनलबर्न निओ सुरू केला. आपल्या फुकट दिलेल्या कामाबद्दल आपण इतके हळवे असू, तर पात्रे, चित्रे आणि खेळ घडवणाऱ्यांच्या बाबतीत वेगळा नियम लावता येणार नाही.

परिचिताला कॅबिनेट द्या. मात्र आत इम्युलेटर असावा आणि खेळांचे फोल्डर रिकामे असावे. ‘रॉबी रोटो’ आणि ‘ग्रिडली’ यांसारखे काही खेळ हक्कधारकांच्या परवानगीने, बिगरव्यावसायिक वापरासाठी, मेमच्या अधिकृत संकेतस्थळावर ठेवलेले आहेत. ते त्याने स्वतः तेथूनच उतरवून घ्यावेत, आणि बाकीचे अधिकृत संग्रहांतून विकत घ्यावेत. बाजूच्या चित्राची परवानगी तुमच्या एका कॅबिनेटपुरती असेल, तर दुसऱ्यासाठी पुन्हा विचारावे लागेल. मार्कीवर कंपनीचे बोधचिन्ह नको, कारण ट्रेडमार्कचा प्रश्न कॉपीराइटहून वेगळा असतो. परिचिताच्या पसंतीचे एखादे नाव घेऊन नवी पाटी करा, आणि तिच्या कामासाठी रेषाकार यांना वेळ आहे का, हे येथेच विचारून पाहा.