मदत हवी आहे : स्ट्रीट रेसिंग गेममध्ये मागे पडलेल्या गाड्यांचं काय करावं?

मंडळी, नमस्कार. मी आणि एक मित्र नोकरी सांभाळून छोटासा स्ट्रीट रेसिंग गेम बनवतोय. एक शहर, कायम रात्र, आठ गाड्या. गाड्या नीट पळतात, इंजिनाचा आवाजही बरा जमलाय. घोडं अडलंय ते कॉम्प्युटर चालवतो त्या प्रतिस्पर्धी गाड्यांपाशी.

परवा धाकट्या भावाला खेळायला बसवलं. शेवटच्या फेरीत पुढची गाडी पुलाच्या खांबावर आदळली आणि गर्रकन फिरून उलट्या तोंडाने थांबली. स्वारी खूश! दोन वळणं झाली नाहीत तोच ती आरशात दिसायला लागली, तिसऱ्या वळणावर पुढेसुद्धा निघून गेली. त्याने कंट्रोलर गादीवर टाकला. "दादा, ही सरळ चीटिंग आहे."

आहेच. कोड मीच लिहिलाय : अंतर वाढलं की मागच्या गाडीचा टॉप स्पीड वाढतो. पण ते काढलं तर पहिल्या मिनिटातच शर्यतीचा निकाल लागतो आणि उरलेला वेळ एकट्यानेच गाडी हाकत बसायचं.

२००५च्या 'नीड फॉर स्पीड : मोस्ट वाँटेड' या रेसिंग गेममध्येही ही खोड होती, तरी आपण तो गेम डोक्यावर घेतलाच ना? मला वाटतं, पोलिसांमुळे. हीट (म्हणजे पोलिसांच्या पाठलागाचा जोर) चढत गेली, समोर रोडब्लॉक दिसला की मागच्या गाडीचा हिशोब कोण ठेवतो! आमच्याकडे पोलीस नाहीत, आणायला वेळही नाही.

म्हणून विचारतोय. मागच्याला पळवण्याऐवजी पुढे गेलेल्यानेच जरा चुका कराव्यात, ब्रेक लवकर दाबावा, ट्रॅफिकमध्ये अडकावं, हे तुम्हाला चालेल का? की तेही लगेच ओळखू येतं? मागच्याला फक्त जास्तीचा नायट्रो (थोडा वेळ वेग वाढवणारा बूस्ट) दिला तर? निदान ज्वाळा तरी दिसतील.

जाता जाता आणखी एक. त्याच मालिकेतल्या 'अंडरग्राउंड २'मध्ये (२००४) शहरभर फिरून गाडी सजवायची दुकानं शोधावी लागायची. मला ते फार आवडायचं, मित्र म्हणतो सगळं मेन्यूत टाक. तुमचं मत?

ऑनलाइनचा सल्ला मात्र नको. 'द क्रू' या ऑनलाइन रेसिंग गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ला बंद झाले आणि पैसे मोजून घेतलेला गेम लोकांना एकट्यानेही खेळता येईना. आमचा गेम इंटरनेटशिवाय चालणार, हे ठरलंय.

आणि कृपया 'ग्राफिक्स भारी पाहिजेत' असं लिहू नका. दोघंच आहोत, त्यातला एक अकाउंटंट.